आत्या, तुझ्या रुपयातून तोफ येत नाही

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आत्यानं सकाळी सहाला तो मेसेज पाठवला आणि साडेसहाला फोन केला, "का बे, देशासाठी रोज एक रुपया जड जातोय का तुला?" तिनं स्वतः तीनदा पैसे पाठवून पाहिले होते. तिन्ही वेळा परत आले.

मेसेज तुम्हालाही आला असेलच: अक्षय कुमारनं सुचवलं, मंत्रिमंडळानं मंजूर केलं, सैन्याला शस्त्रं घ्यायला बँकेत खातं उघडलंय, रोज एक रुपया टाका.

पैसे परत का आले? संरक्षण मंत्रालयानं एप्रिल २०२५ मध्येच, पहलगामच्या हल्ल्यानंतर, सांगून टाकलंय की हा मेसेज दिशाभूल करणारा आहे आणि खात्याचा तपशीलही चुकीचा आहे, म्हणून ऑनलाइन देणग्या परत जातायत. खरा फंड वेगळा आहे, आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड, २०२० चा. त्यातून बंदुकीची एक गोळीही घेतली जात नाही. लढताना शहीद झालेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या जवानाच्या घरी त्यातून तातडीची मदत जाते. विधवेच्या हातात पडायच्या पैशाला हे लोक तोफेचा भाव लावतात, याचीच चीड येते.

गणित तर बघा. १३० कोटी लोकांतल्या ७० टक्क्यांनी रुपया टाकला की म्हणे रोज १०० कोटी. अहो, ९१ होतात! आणि वर्षाचे ३६ हजार कोटी धरले तरी २०२५-२६ चं संरक्षण बजेट आहे ६ लाख ८१ हजार कोटींचं.

अक्षय कुमारचं नाव मात्र अगदीच हवेतून आलेलं नाही, एवढं मान्य करतो. २०१७ ला 'भारत के वीर' हे देणग्यांचं पोर्टल सुरू झालं त्यात तो होता. पण ते सीआरपीएफ, बीएसएफच्या शहिदांच्या घरच्यांसाठी. ही दलं गृह खात्याची, त्या पोर्टलचा सैन्याशी संबंध नाही.

रुपया द्यायचाच असेल तर ७ डिसेंबरचा ध्वजदिन निधी १९४९ पासून चालू आहे. आपल्या सोलापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही आहे. याच निधीच्या पैशातून पेन्शन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महिन्याला मदत मिळते. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती ४ हजारांची ८ हजार झाली.

हे ऐकून आत्या गप्प झाली. तिच्याच गल्लीत अशी एक आजी आहे, पेन्शन नाही, धुणीभांडी करते. हा मेसेज त्या गल्लीतल्या प्रत्येक फोनवर गेलाय, पण त्या अर्जाची कुणालाच खबर नव्हती.

संध्याकाळी परत फोन. "तो फॉर्म भरून द्यायला येतोस का बे?"