उपग्रहाला मानस दिसत नाही

गेले काही दिवस गावागावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांतून आला, तिसऱ्यांदा तर हात जोडलेल्या इमोजीसह. सार असं: जमिनीचे नकाशे आता जीआयएसवर, म्हणजे नकाशांच्या संगणकप्रणालीवर, उपग्रहाच्या चित्रांवरून होतात, त्यामुळे त्यात चूक राहत नाही. असे नकाशे साध्या माणसाला कळत नाहीत. ते वेबसाइटवर टाकले की लोकसहभाग झालाच. मग ग्रामसभेत आरडाओरडा कशाला, त्याने फक्त कामं रखडतात.

चारही विधानं क्रमाने घेतो. पहिल्याला जास्त वेळ लागेल, कारण बाकीची तीन त्याच्याच खांद्यावर बसलीयत.

उपग्रह चुकत नाही, हे मान्य करू. पण उपग्रह नकाशा काढतच नाही, तो चित्र पाठवतो. चित्रातला करडा पट्टा ‘शेती’ की ‘पडीक’, हे कार्यालयात बसलेला माणूस ठरवतो, किंवा त्याने शिकवलेला प्रोग्रॅम. जीआयएस म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा: एकावर सर्व्हे नंबर, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर चढउतार, चौथ्यावर पाणी. प्रत्येक कागद कुणीतरी भरलेला असतो. जो कुणी भरलाच नाही, तिथे ‘काही नाही’ असं दिसतं.

आमच्या गोव्यातल्या खाजनांचंच बघा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल जमिनींचं. खारट खाजनात भात होतो तो सरद म्हणजे पावसाळी हंगामात, पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन नेल्यावर. तेव्हा आभाळ भरलेलं, आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांखालचं दिसत नाही. स्वच्छ चित्रं मिळतात ती उन्हाळ्याकडची, नेमकं शेत रिकामं असतानाची. (वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भातपीक, करणाऱ्यांचं नशीब त्या मानाने बरं.) ढगांतून पाहणारे रडारवाले उपग्रह आहेत, सेंटिनेल-१ ची चित्रं तर फुकट मिळतात. पण ती मागवायचं आधी कुणाला तरी सुचायला हवं, आणि ज्याने पावसातलं खाजन कधी पाहिलंच नाही त्याला ते का सुचेल?

मग मापाचा प्रश्न. साध्या कॅमेऱ्याच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फुकट चित्रात सगळ्यात बारीक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा. बांधातली मानस, म्हणजे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी ती लाकडी दारं, त्या ठिपक्यात कुठल्या कुठे हरवते. बांधाआडची शेतं भरतीच्या पातळीखाली असतात, ती या दारांच्या जिवावर तग धरून आहेत. नकाशात मानसच नसेल तर उंचीची आकडेमोड त्या शेतांना नुसतं ‘सखल भाग’ म्हणून मोकळी होते. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी आहेत आणि त्यांत खाजनांचे नकाशे तयार करा असं स्पष्ट सांगितलंय. ते काम, किनारी नकाशे करणारी संस्था जिथे आहे त्या चेन्नईत बसून पुरं होणार नाही, बांधावर जाणारा माणूस लागेल.

रेघेची जाडीही लक्षात घ्या. १:२५,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर साडेबारा मीटर होते. कुणाचं अख्खं घर त्या रेघेखाली झाकलं जाईल. १:४,००० वर तीच रेघ दोन मीटरची.

दुसरं विधान, साध्या माणसाला नकाशा कळत नाही. मागे आमच्या पंचायतीच्या सभागृहात एक मोठा रंगीत नकाशा टेबलावर पसरला होता. शेतकरी म्हणून आयुष्य काढलेले एक आबा पुढे आले आणि त्यांनी तो सरळ उलटा फिरवला. दोघे-तिघे हसले. आबांनी खिडकीतून नदीकडे पाहिलं, नकाशातली नदी त्या बाजूला येईपर्यंत कागद सरकवला, मग बांधावरून बोट फिरवत एका जागी थांबले. ‘आमची मानस खंय आसा?’ समजावून सांगायला आलेल्या माणसाने लॅपटॉपवर झूम केलं, एकेक थर चालू-बंद केला. मानस कुठेच नव्हती. नकाशा सभागृहात कुणाला कळत होता, ते तुम्हीच ठरवा.

एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा आणि सर्व्हे प्लॅन घेऊन मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या समाजाला नकाशे समजत नाहीत, हे म्हणणंच धाडसाचं. २००६ साली अधिसूचित झालेला गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांनी वाचला, रंग तपासले आणि रस्त्यावर उतरले. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढच्या, २०२१ च्या आराखड्याचे मसुदे म्हणूनच पंचायतींपर्यंत पोचवावे लागले.

वेबसाइटवर टाकलं की झालं? काय टाकलं ते बघा. बहुतेकदा पीडीएफ, म्हणजे नकाशाचा फोटो. त्यावर स्वतःचा सर्व्हे नंबर चढवून बघता येत नाही, अंतर मोजता येत नाही. मूळ जीआयएस फाइल दिली तर गावातली कॉलेजची मुलं क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरवर संध्याकाळभरात ताडून बघतील. शिवाय रंग-खुणांची सूची इंग्रजीत. गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ चा आहे, कोकणी राजभाषा, मराठीच्या वापरालाही त्यात जागा. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीपर्यंत मात्र दोन्ही पोचलेल्या नाहीत.

राहिलं रखडण्याचं. गोव्याच्या किनारी आराखड्याची, म्हणजे सीआरझेडच्या नकाशांची, जनसुनावणी मार्च २०२१ मध्ये उरकली गेली आणि जुलैमध्ये ती पुन्हा घ्यावी लागली. लोकांना ऐकण्यात वेळ गेला, की नीट न ऐकण्यात?

ग्रामसभेला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. तिथे मोठ्या आवाजाचं चालतं, बायका मागच्या खुर्च्यांवर असतात, आणि भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) देखत मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) बोलायला कचरतो. मालकीच्या थरात नावही भाटकाराचंच, मुंडकाराच्या घराचा पत्ता बऱ्याचदा नसतो. म्हणून वाड्यावाड्यांतून चालत, फोनवर ठिकाण नोंदवत झर, तळी, पायवाटा, राहती घरं टिपणं हे मला सभेइतकंच गरजेचं वाटतं. उघड्यावर फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतं, माडाखाली जरा जास्त चुकतं. मानस दाखवायला तेवढं पुरेसं आहे.

आबांच्या मानशीचंही तेच केलं. रविवारी ओहोटीची वेळ बघून चौघे बांधावरून चालत गेलो, दारांशेजारी फोन धरला, आकडे वहीत उतरवले, फोटो काढला. हरकतीच्या अर्जात सर्व्हे नंबर, अक्षांश-रेखांश आणि तो फोटो जोडला. नकाशाची सुधारित प्रत अजून आलेली नाही. पोच मिळाल्याचा शिक्का मारलेला कागद आबांच्या पेटीत आहे, त्याची झेरॉक्स माझ्याकडे.