‘पाचशे रुपयांत पन्नास हजारांचा आवाज’: हेडफोन उघडण्याआधी हे वाचा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या गाण्याचा नाद असलेल्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: स्वस्त आणि महाग ओपन-बॅक (मागून जाळीचे, उघडे) हेडफोन आतून एकच असतात, स्वस्ताचा आवाज कंपनी फोम लावून मुद्दाम दाबते. म्हणून मागची जाळी आणि आतला फोम काढून टाका. बेस कमी वाटला तर कानावरच्या कपाच्या आत कापूस भरा. पॅड बदला, चांदीची केबल लावा, दोनशे तास ‘बर्न-इन’ करा, म्हणजे नुसता वाजत ठेवा, जमलं तर अॅम्प (आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर) घ्या. केबल आणि अॅम्प सोडले तर खर्च पाचशे रुपये, आवाज पन्नास हजारांचा.

या मेसेजपायी बिघडलेले हेडफोन माझ्या टेबलावर दुरुस्तीला येतात. आणणारी बहुतेक पोरं कॉलेजातली, महिनोन्‌महिने पैसे साठवून घेतलेली वस्तू घेऊन येतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो. मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो.

कंपनी आवाज दाबते, हा पहिला दावा. त्याला एक जुना आधार आहे. सेन्हायझर कंपनीच्या एचडी ५५८ च्या कपात, मागच्या झरोक्यांवर, फोमची एक पट्टी चिकटवलेली असे. त्याच्या वरच्या एचडी ५९८ मध्ये ती नव्हती. दोन्ही ५० ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचं, म्हणजे अडथळ्याचं माप), ठेवण जवळपास एकच. लोकांनी पट्टी काढून पाहिली, आवाज थोडा मोकळा वाटला, आणि ‘५५८ चा ५९८ करा’ ही युक्ती जगभर गेली. त्यात वावगं काही नव्हतं. ती पट्टी ड्रायव्हरपासून, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या छोट्या स्पीकरपासून, लांब होती, बोटाने निघायची, आणि नाही आवडलं तर परत लावता यायची. आता फिरणाऱ्या मेसेजने त्या एका जोडीची गोष्ट उचलून बाजारातल्या सगळ्या ओपन-बॅकना लावली आहे, आणि ‘पट्टी’च्या जागी ‘आतला फोम’ असा मोघम शब्द घातला आहे. सगळं नुकसान त्या मोघमपणामुळे होतंय.

आत तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिघींची कामं वेगळी आहेत. सगळ्यात बाहेर जाळी. तिच्यातून आवाज जवळजवळ अडथळ्याविना जातो. काही मॉडेलांत उंच सुरांचा थोडा आवाज तिच्यावरून परततो, पण काढल्याने बहुतेक ठिकाणी ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही. पडतो तो एवढाच की ड्रायव्हर उघडा पडतो, आणि वैशाखात आपल्याकडे काळ्या रानाची जी बारीक धूळ घरात येते ती थेट त्याच्यावर बसते.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरच्या पाठीवर असते: छिद्रांवर चिकटवलेली कागदी किंवा कापडी चकती, कधी फेल्ट. हिला हात लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. ड्रायव्हरचा पडदा हलतो तेव्हा मागची हवा त्या चकतीतून ये-जा करते, आणि तिथे तिला किती अडवायचं यावर बेस ठरतो. प्रत्येक पडद्याला स्वतःची एक वारंवारता असते, बऱ्याच ओपन-बॅकमध्ये ती साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. तिथे तो गरजेपेक्षा जास्त डोलू पाहतो, आणि चकती त्याला धरून ठेवते. गाडीचे शॉकअप काढले की गाडी खड्ड्यानंतर झुलत राहते, तसंच चकती फाडली की ढोलाचा ठोका संपल्यावरही मागे गुंजत राहतो. पहिल्या पाच मिनिटांत हा फुगवटा ‘बेस वाढला’ असा वाटतो. आठवड्याभराने गायकाचा आवाज त्यात बुडालेला लक्षात येतो, आणि तोवर चकतीचे तुकडे कचऱ्यात गेलेले असतात.

तिसरी गोष्ट पॅडच्या आत, कानासमोरचा पातळ फोम. तोही काढा, असं मेसेज सांगतो. पारोळ्याचा एक मुलगा असाच हेडफोन घेऊन आला. म्हणाला, “भाऊ, डावा झर्र करतो, ड्रायव्हर गेला वाटतं.” पॅड काढून भिंगाखाली धरला तर पडद्यावर डोक्याचा एक केस आडवा पडलेला, एक टोक मधल्या घुमटाला टेकलेलं. कमी सुरांवर पडदा हलला की केस त्याच्यावर घासायचा. चिमट्याने केस उचलला आणि झर्र थांबलं. तो पातळ फोम यासाठीच असतो. त्या वेळी आत नुसता केस गेला होता म्हणून निभावलं. स्क्रूड्रायव्हर घसरून लोखंडाचा कीस चुंबकाच्या फटीत गेला असता, तर तो बाहेर काढणं फार अवघड झालं असतं.

आता कापूस. आपल्याकडे कापूस घरचा, त्यामुळे हा उपाय सगळ्यांत आधी करून पाहिला जातो. कुणीतरी फोस्टेक्स कंपनीच्या टी५०आरपी हेडफोनचा दाखला देतो. तो दाखला खरा आहे: त्या हेडफोनमध्ये कापूस, फेल्ट, चिकणमातीसारखी पुट्टी घालून लोकांनी आवाज खरोखर सुधारला आहे. पण टी५०आरपी अर्धबंद आहे. त्याच्या मागे एक कोठी आहे, तिच्यात आवाज भिंतींवर आपटत राहतो, आणि कापूस ते आपटणं शोषतो. ओपन-बॅकला मागे कोठीच नाही. १९६८ मध्ये सेन्हायझरने एचडी ४१४ हा पहिला ओपन-बॅक हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून या जातीचं तत्त्वच हे की मागचा आवाज अडवायचा नाही, जाऊ द्यायचा. खोल बेस कमी पडण्याचं एक मोठं कारणही तेच: पडद्याच्या मागून निघालेली लाट पुढच्या लाटेला येऊन मिळते आणि कमी सुरांवर दोघी एकमेकींना खातात. कापसाने ती गळती बंद होत नाही. उलट मागची हवा जास्त अडते, पडदा आणखी दबतो, आणि उरलेला बेसही कमी होण्याची शक्यता जास्त. शिवाय पावसाळ्यात कापूस ओल धरतो आणि त्याचे तंतू सुटतात ते वेगळंच.

पॅडच्या बाबतीत मात्र मेसेज बरोबर आहे, फक्त त्याने तो मुद्दा एका ओळीत उडवलाय. हेडफोनमध्ये हाताने बदलता येण्यासारख्या ज्या काही गोष्टी आहेत, त्यांत आवाजावर सगळ्यात मोठा परिणाम पॅडचा होतो. कान ड्रायव्हरपासून किती लांब, पॅडच्या आतली जागा केवढी, कडेने हवा किती सुटते, आतली बाजू आवाज शोषते की परतवते, हे सगळं पॅड ठरवतो. कातडी पॅड गालाला चिकटून बसतो, हवा कमी सुटते, बेस भरतो. मखमली पॅडमधून हवा जाते, बेस थोडा उतरतो, पण कान श्वास घेतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा नकली कातडीचा पॅड अर्ध्या तासात घामाने भिजतो, आणि एक-दोन उन्हाळ्यांत त्याची साल निघायला लागते. आपल्या हवेला मखमल बरी, असं माझं मत आहे. चष्मा लावणाऱ्यांना तर नक्कीच, कारण दांडीमुळे कातडी पॅडला फट पडते आणि तिथून बेस निसटतो.

पण नवे पॅड घेताना ‘माप बसतं’ एवढ्यावर जाऊ नका. जाडी पाच मिलिमीटरने वाढली तरी आवाजाचा तोल हलतो, कधी गाणारी बाई दोन पावलं मागे गेल्यासारखी वाटते. तुमचा हेडफोन पूर्वी छान वाजायचा आणि आता टोचतो असं वाटत असेल, तर आधी पॅड बोटाने दाबून बघा. फोम मेला असेल तर कान ड्रायव्हरला जाऊन टेकलाय. अशा वेळी त्याच मॉडेलचे मूळ पॅड लावणं ही सगळ्यात खात्रीची सुधारणा. मखमली पॅड निघत असतील तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने हलके धुवा, पिळू नका, सावलीत पूर्ण वाळू द्या.

चांदीच्या केबलला मी फार वेळ देणार नाही. चांदी तांब्यापेक्षा साधारण पाच-सहा टक्क्यांनी चांगली वाहक आहे, बस. केबलचा एकूण रोध एक ओहम धरला, जो तीन मीटरच्या बारीक केबललाही बऱ्यापैकी जास्त आहे, तर ३०० ओहमच्या हेडफोनला ०.०३ डेसिबल फरक पडतो आणि ३२ ओहमच्याला ०.२७. तोही फक्त आवाज तेवढा हळू होतो. हा सगळा एक ओहम काढून टाकला तरी मिळणारा फायदा एवढाच, चांदीमुळे त्यातला विसावा भाग. केबल तुटली, पिन सैल झाली, कपड्याला घासून खरखर करते, तर नवी जरूर घ्या. तांब्याची घ्या.

बर्न-इनमध्ये दोनशे तासांत पॅड मऊ होतात आणि आपले कान सरावतात. तोच हेडफोन डोक्यावर एक सेंटिमीटर पुढे-मागे सरकवला तर वरच्या पट्टीत काही डेसिबलचा फरक पडतो. त्यापुढे बर्न-इनचा म्हणून जो काही फरक असेल तो दिसेनासा होतो.

अॅम्पचा दावा अर्धा खरा. सेन्हायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा किंवा बायरडायनॅमिक डीटी ९९० चा २५० ओहमचा हेडफोन फोनला लावला आणि आवाज पुरत नसेल, तर अॅम्प हवाच. फोनवर आवाज पुरतोय, फाटत नाही, तर महाग अॅम्पने तो ‘उघडणार’ नाही. बघायचा आकडा अॅम्पच्या आउटपुट रोधाचा, म्हणजे अॅम्पच्या स्वतःच्या आतल्या रोधाचा. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून कमी असला की झालं. जुन्या रिसिव्हरच्या हेडफोन जॅकला तो १२० ओहमही असतो. एचडी ६०० चा रोध १०० हर्ट्झजवळ ५०० च्या वर चढतो, त्यामुळे अशा जॅकवर तिथला आवाज बाकीच्यापेक्षा साधारण एक डेसिबल वाढतो. लोकांना ती ‘अॅम्पची ऊब’ वाटते.

मेसेजने ज्याचा उल्लेखच केलेला नाही ती गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: आपला कूलर. फाल्गुन संपला की खान्देशातल्या घराघरात तो दिवसरात्र घोंघावतो. ओपन-बॅक बाहेरचा आवाज अडवत नाही, आणि कूलरची घरघर नेमकी खालच्या पट्टीत जास्त असते, म्हणजे ती बेसलाच झाकते. ‘माझ्या हेडफोनला बेस नाही’ म्हणून उन्हाळ्यात येणाऱ्यांना मी आधी विचारतो, ऐकताना कूलर चालू असतो का? मग काय होतं, तर आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. ९० डेसिबलला ती चार तासांवर येते. कूलरवर मात करायला आवाज वाढवणारा पोरगा ती चार तासांची मर्यादा दोन दिवसांत ओलांडतो, आणि कानाचा पडदा ठीक असला तरी आतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पाच मिनिटं कूलर बंद करून तेच गाणं ऐका. बेस तिथेच असतो. उन्हाळ्यात कूलरशेजारीच ऐकायचं असेल तर बंद कपाचा हेडफोन घ्या, ओपन-बॅक पहाटेसाठी ठेवा.

दुसरी राहिलेली गोष्ट इक्वलायझर, म्हणजे बेस किंवा उंच सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारं अॅप. हेडफोनचा आवाज लोकांना कसा आवडतो यावर हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ च्या सुमारास काम केलं, आणि त्यांनी सुचवलेल्या वक्राशी जुळवणारी मापं आज शेकडो मॉडेलांसाठी फुकट मिळतात. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट. बेस सहा डेसिबलने वाढवायचा असेल तर एकूण पातळी तेवढीच खाली आणा, नाहीतर आवाज फाटेल. आणि ध्यानात ठेवा, सहा डेसिबलला चौपट शक्ती लागते, छोटा पडदा किती हलेल यालाही मर्यादा आहे.

तरीही हाताने काही करून बघायची खाज असेल, तर ती मी समजू शकतो. सेन्हायझरच्याच एचडी ८०० मध्ये सहा किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाजाचा उंचवटा ड्रायव्हरच्या मधल्या पोकळीत शोषक बसवून वापरकर्त्यांनीच खाली आणला, आणि कंपनीने एचडी ८०० एसमध्ये त्याच जागी तसाच उपाय केला. मोजून, कारण कळून, परत फिरता येईल असा बदल कधीही चांगला. करताना फक्त एकाच कानाची बाजू बदला. मग मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच असा, आवाज लावा: श्रावणात कानबाईच्या रोटांच्या वेळी फोनवर केलेलं बायकांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग असेल तर उत्तम. न बदललेल्या हेडफोनमध्ये ते डोक्याच्या मधोमध ऐकू येतं. बदलानंतर ते कुठल्या बाजूला सरकलं, कोणत्या कानात बायकांचा आवाज पातळ झाला, हे सरळ कळतं. नंतर हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐका, म्हणजे फरक हेडफोनचा की तुमच्या कानांचा तेही समजेल. पुढे-मागे तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. एक डेसिबल मोठं वाजणारं बहुतेकदा जास्त छान वाटतं, आणि ‘मॉड’ची (अशा घरगुती बदलांची) बहुतेक कौतुकं तिथूनच येतात.

ज्यांनी पाठीची चकती आधीच फाडली आहे त्यांनी हेडफोन टाकून देऊ नये. मेडिकलवर जखमेला लावायची पांढरी कागदी चिकटपट्टी मिळते, तिच्यातून हवा जाते. उघड्या छिद्रांवर तिचा एक थर लावा, दुसऱ्या बाजूशी मोनोवर ताडून बघा, बेस अजून गुंजत असेल तर दुसरा थर. दोन्ही बाजू फाटल्या असतील तर दोन्हीकडे थर सारखेच ठेवा. पट्टी लावताना चिमटा पितळेचा किंवा प्लास्टिकचा घ्या, चुंबक लोखंडी चिमटा हातातून ओढून घेतो. जुळलं की जाळी बसवा आणि स्क्रू बोटाच्या जोरावर थांबवा. त्या प्लास्टिकमधले आटे एका जास्तीच्या पिळात मरतात.