एक तास एक मिनिट म्हणे!

हा आकडा ज्याने काढला त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. विमानतळावर नको. तिथे तो वेळेत पोचणार नाही.

काल रात्री इंटरनेटवर दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर शोधलं. साधा प्रश्न. उत्तर आलं: 412.37 किलोमीटर, 256 मैल, 223 नॉटिकल मैल, उड्डाणाचा वेळ 1 तास 1 मिनिट. वर दिशासुद्धा: 47 अंश, ईशान्य. दिशा कशाला? विमान मी चालवणार आहे का? आणि ते .37! दशांशचिन्हापुढे दोन आकडे म्हणजे दहा मीटरपर्यंत अचूक. अहो, नुसतं एटीआर-72 विमानच 27 मीटर लांब असतं. मग तुम्ही मोजलंत कुठून, नाकापासून की शेपटीपासून? धावपट्टी दीड-दोन किलोमीटरची, तिचं कुठलं टोक धरलंत?

बरं, एवढी अचूकता, आणि त्या दोन ठिकाणांमध्ये थेट विमानच नाही! आधी उलट्या दिशेला मोठ्या विमानतळावर जा, तिथे साडेचार तास खुर्चीवर पाठ मोडून घ्या, मग दुसरं विमान. एकूण 8 तास 10 मिनिटं. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि वळशाचे पैसे वेगळे. रस्त्याने साडेनऊ तास लागतात. दीड तास आधी विमानतळावर हजर राहायचं धरा, म्हणजे दहा मिनिटं आपणच वर देतोय.

झोप उडालीच होती, म्हणून हा एक तास एक मिनिट आला कुठून ते बघत बसलो. किलोमीटरला 800 ने भागलं, आली 31 मिनिटं. वर सरसकट अर्धा तास टाकला. झालं! ताशी 800 हा जेटचा वेग. आमच्यासारख्या आखूड धावपट्टीवर येतं ते पंख्याचं विमान, पाचशेच्या आसपास उडणारं. तेही आलं तर.

आणि वेळेचा विषय निघालाच आहे तर... दारं लावून पाऊण तास आत कोंडून ठेवतात आणि उतरताना घोषणा करतात, 'आपण नियोजित वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचलो आहोत.' पोचणारच! वेळापत्रक आधीच फुगवून ठेवलेलं. त्यातही पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर 'वेळेवर'मध्येच जमा. माझ्या ऑफिसात हा हिशोब चालवून दाखवा. आणि चाकं टेकताक्षणी उठून डोक्यावरची बॅग ओढणारे ते महाभाग! त्यांचा इथे काही संबंध नाही, पण राग यायचा तो येतोच.

रात्री दीड वाजता मी मोबाइलच्या नकाशावर कंपासपेटीतली पट्टी ठेवून मोजत होतो. बायको उठली, बघितलं, काही न बोलता कूस बदलून झोपली.

खरं दुखणं वेगळंच आहे. परवा सगळ्यांना फोनवर मीच ठणकावून सांगितलं होतं, "तासाभराचं तर अंतर, सकाळी निघतो, अकराला हजर!" आता अकरा वाजता फोन येईल, कुठवर आलात म्हणून. दिशा सांगेन. 47 अंश, ईशान्य.