पदवी सोडायला सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

रविवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन. आवाज रडवेला. "हा म्हणतोय, तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरत नाही. डिग्री करून फौजेत जाता येत नाही म्हणे. तू तरी समजाव." पाठोपाठ भाच्याने 'मामा, हे वाच' एवढंच लिहून तो मेसेज पाठवला. त्या आठवड्यात तो मला चार ग्रुपांवर आला होता आणि मी बघून सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

मेसेज थोडक्यात असा: सैन्यात जायचं असेल तर पदवीत वर्षं घालवू नका. अधिकारी फक्त बारावीनंतर एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून होतात. पदवीधरांना अग्निवीर सोडून दुसरा रस्ता नाही. कॉमर्स-आर्ट्सवाले, चष्मेवाले आणि मुली यांनी तर नादच सोडावा. एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्यांत, फौजींचीच मुलं घेतात. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या अधिकाऱ्यांना, १० वर्षांनी घरी पाठवतात, पेन्शनही देत नाहीत. सगळ्यात शेवटी 'भरतीची हमी' आणि एक मोबाईल नंबर.

मी बारा वर्षं कॉलेजात एनसीसी सांभाळतोय. मुलं डोळ्यांसमोर अधिकारी झालेली पाहिली आहेत, तीही बी.ए., बी.कॉम. करून. म्हणून राग आवरत नाही.

"अधिकारी फक्त एनडीएतून." साफ खोटं. यूपीएससी वर्षातून दोनदा सीडीएस, म्हणजे संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा घेते आणि ती परीक्षा आहेच पदवीधरांसाठी. २०२५ च्या पहिल्या सीडीएसची जाहिरात उघडा. एकूण जागा ४५७. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत (आयएमए) १००, एझिमलाच्या नौदल अकादमीत ३२, हैदराबादच्या हवाई दल अकादमीत ३२, चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे शॉर्ट सर्व्हिस अधिकारी घडवणाऱ्या प्रशिक्षण अकादमीत, पुरुषांना २७५ आणि महिलांना १८. नुसत्या बारावीवर यातली एकही जागा मिळत नाही. म्हणजे मेसेज जी पदवी सोडायला सांगतो, तीच या दाराची किल्ली आहे. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो. पदवीचा पुरावा दिलेल्या मुदतीत दाखवायचा, एवढंच.

आता वयाचं बघू, कारण भाच्याच्या मनात खरी भीती तीच होती. त्याच जाहिरातीत आयएमएसाठी जन्मतारीख २ जानेवारी २००२ ते १ जानेवारी २००७ या दरम्यान हवी आणि ओटीएसाठी २ जानेवारी २००१ पासून पुढे. म्हणजे वय परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत, पुढच्या वर्षीच्या ठरलेल्या तारखेला मोजतात, हे आधी नीट लक्षात घ्या. भाच्याचा जन्म जून २००५ चा. मी कागद घेऊन त्याच्यासमोर बसलो. २०२६ ची पहिली परीक्षा, म्हणजे तिसऱ्या वर्षाला असतानाच देता येणारी, तिथपासून मोजत गेलो. हाच नियम धरला तर ओटीएसाठी सात वेळा बसता येतं, आयएमएसाठी पाच वेळा. किती वेळा बसावं यावर वेगळी मर्यादा नाही, वय आणि अविवाहित असणं या अटी पाळल्या की झालं. सात संधी असलेल्या मुलाला 'वेळ गेली' म्हणून सांगणाऱ्याला काय म्हणायचं?

आणि या मुलाच्या बाबतीत तर नुकसान दुप्पट आहे. तो एनसीसीत आहे, 'बी' सर्टिफिकेट हातात आहे. 'सी' मिळतं तिसऱ्या वर्षी. पदवीला ५० टक्के आणि 'सी'ला किमान बी ग्रेड असेल, तर एनसीसी स्पेशल एंट्रीत यूपीएससीची लेखी परीक्षा द्यावीच लागत नाही. थेट एसएसबीसाठी विचार होतो. आता कॉलेज सोडलं की 'सी' गेलं, स्पेशल एंट्री गेली आणि सीडीएसही गेली. एका फॉरवर्डपायी तीन दारं बंद.

अग्निवीर ही वाईट गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला जवान म्हणून जायचंय त्याने जरूर जावं, तिथेही छातीच लागते. पण जून २०२२ मध्ये जाहीर झालेली अग्निपथ योजना अधिकारीपदाखालच्या भरतीची आहे. सेवा चार वर्षांची आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम ठेवतात. पदवीधराची अधिकारी भरती तिच्यामुळे बंद झालेली नाही. दोन वेगळ्या वाटा एकात कालवून पोरांना घाबरवायचं आणि खाली नंबर द्यायचा, हा धंदा आहे. सीडीएसच्या अर्जाची फी २०० रुपये आहे, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तीही नाही. यापलीकडे 'हमी'साठी कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतोय. देऊ नका.

कॉमर्स-आर्ट्सचं काय? आयएमए आणि ओटीएला कोणत्याही शाखेची पदवी चालते. ओटीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा पेपरच नसतो, इंग्रजी आणि सामान्यज्ञान, बस. नौदल अकादमीला इंजिनिअरिंग लागतं आणि हवाई दल अकादमीला बारावीला फिजिक्स-गणित किंवा इंजिनिअरिंग, तेवढं खरं.

चष्मा ठरावीक नंबरापर्यंत लष्करात चालतो. विमान चालवायचं असेल तर निकष फार कडक आहेत. डोळे आधीच तपासून घ्या आणि जाहिरातीतल्या वैद्यकीय निकषांशी ताडून बघा.

मुलींबद्दल. ओटीएचं दार १९९२ पासून उघडं आहे, हवाई दलाची एएफकॅट ही प्रवेश परीक्षा आहे आणि १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने लष्करात महिलांच्या पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या अधिकारीपदाचा रस्ता मोकळा केला. जागा मात्र कमी आहेत. वरच्या यादीतल्या १८ मला खुपतात. पण कमी असणं वेगळं आणि नसणं वेगळं.

एसएसबीतल्या वशिल्याची अफवा कुठून येते तेही सांगतो. तिथे पीआयक्यू या वैयक्तिक माहितीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहावा लागतो आणि मुलाखत घेणारा तो वाचतो. एवढ्यावरून बाहेर पडलेला मुलगा म्हणतो, बघा, बाप शेतकरी म्हणून काढलं. प्रत्यक्षात पाच दिवस तुम्हाला छातीवरच्या नंबराने ओळखतात. मानसशास्त्रज्ञ, गटातल्या चाचण्या घेणारा जीटीओ आणि मुलाखत घेणारा अधिकारी आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात. पडद्यावर शब्द येतो, पंधरा सेकंद, वाक्य लिहा, पुढचा शब्द. असे साठ. तिथे कुठल्या कर्नलचा पुतण्या असण्याचा काय उपयोग? फौजी घरातल्या मुलांना तिथलं वातावरण ओळखीचं असतं, हा फायदा आहे, नाकारत नाही. पण तो सरावाने भरून काढता येतो. त्यासाठी आपल्या राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएस आणि एसएसबीची तयारी, राहणं-जेवण, सगळं मोफत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

राहिली शॉर्ट सर्व्हिस. इथे मेसेज अर्धा खरा आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. ओटीएतून मिळणारं कमिशन १० वर्षांचं असतं, ते आणखी ४ वर्षं वाढू शकतं आणि तेवढ्यावर बाहेर पडलात तर पेन्शन नाही. हे गृहीत धरूनच जावं. पण 'घरी पाठवतात' हे शब्द खोटे आहेत. पर्मनंट कमिशनसाठी विचार होतो आणि ज्यांना ते मिळत नाही किंवा नको असतं ते पस्तिशीच्या आसपास बाहेर पडतात. तेव्हा नव्याने काही करायचं तर हातात काय लागतं? पदवी. तीच, जी हा मेसेज सोडायला सांगतो.

भाच्याला मी हे सगळं सोमवारी संध्याकाळी समोर बसवून सांगितलं. तो बराच वेळ त्या सात ओळींच्या कागदाकडे बघत होता. मग विचारलं, "मामा, 'सी'ची परीक्षा साधारण कधी असते?" तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायची मुदत शनिवारपर्यंत आहे. ताईला सांगितलंय, भरल्यावर पावतीचा फोटो मला पाठव.