हलका रणगाडा म्हणजे पत्र्याचा डबा?

‘ड्रोनच्या जमान्यात हलके रणगाडे म्हणजे पत्र्याचे डबे’ असं आज एकाने लिहिलं आणि खाली हसणाऱ्या स्मायलींचा पाऊस. डोकंच फिरलं.

माझे मामा पॅराट्रूपर होते, विमानातून पॅराशूटने उडी मारणारे सैनिक. एका सरावात रात्री उड्या मारल्या, पहाटे धावपट्टी ताब्यात घ्यायची होती. टोकाच्या सिमेंटच्या खोलीत ‘शत्रू’ची एक मशीनगन. बस, एकच. दंडाला पांढरी पट्टी बांधलेला अंपायर मैदानात फिरत एकेकाच्या खांद्याला हात लावत गेला : तू गेलास, तूही गेलास. मेलेल्या मामांनी बूट काढून पायाचे फोड बघितले. सांगताना ते हसतात. मला नाही येत हसू.

कारण १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात, नेदरलँड्समधल्या आर्नमच्या पुलाशी अंपायर नव्हता. ब्रिटिश पॅराट्रूपर घराघरांतून लढत होते, जर्मन तोफा ती घरंच पाडत होत्या, आणि यांचे रणगाडे मागे रस्त्यावर अडकलेले. पॅराट्रूपर सगळ्यांच्या आधी पोचतो, पण पाठीवर मावेल तेवढंच घेऊन. समोरची भिंत फोडायला तोफ लागते, तीही तेव्हाच्या तेव्हा. ती हवेतून सोबत आणतो तो हलका रणगाडाच.

‘पण चिलखत पातळ!’ अरे, माहीत आहे. शेरिडन या अमेरिकी हलक्या रणगाड्याचा सांगाडा ॲल्युमिनियमचाच होता. मोठ्या रणगाड्यांशी कुस्ती खेळायला कोण पाठवत होतं त्याला? १५२ मिमीची तोफ होती, डागली की पुढची चाकं उचलली जायची! मामांच्या त्या खोलीला एक गोळा पुरला असता. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या ८२व्या एअरबोर्नने, म्हणजे पॅराट्रूपरांच्या डिव्हिजनने, पनामात हे गाडे पॅराशूटने उतरवले. पुढच्याच ऑगस्टमध्ये इराकी फौजेसमोर सौदीच्या वाळवंटात तेच घेऊन उभे राहिले. स्वतःला ‘स्पीड ब्रेकर’ म्हणवून घ्यायची ती पोरं, म्हणजे शत्रूला फार तर थोडं हळू करणारे. काळीज लागतं त्याला.

ड्रोनचा धोका खरा आहे, बरं. १९४४ मध्ये नॉर्मंडीत ग्लायडरने (बिनइंजिनाच्या विमानाने) उतरवलेल्या टेट्रार्क या ब्रिटिश हलक्या रणगाड्यांच्या चाकांवरच्या पट्ट्यांत जमिनीवर पडलेल्या पॅराशूटच्या दोऱ्या अडकल्या, तेही मान्य. पुढे?

आणि बुकर या अमेरिकेच्या नव्या रणगाड्याचं उदाहरण तर देऊच नका. २०२५ मध्ये अमेरिकेने तो गुंडाळला, पण तो हलका होता कुठे? शेरिडन पंधरा-सोळा टनांचा, हा चाळिशीच्या आसपास! पॅराशूटने टाकता आला पाहिजे, ही अटच त्याच्या मागणीत नव्हती. उडी मारणाऱ्याला नेमकी तीच हवी होती.