ओहायोतला गर्भपाताचा कौल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली गर्भपातबंदी ‘अल्पमताने लादलेली’ होती असं मी लिहिलं होतं. तुमचा आक्षेप असा की ती बंदी निवडून आलेल्या विधिमंडळाने केली, तिच्यावर सही करणारे गव्हर्नर माइक डिवाइन २०२२ मध्ये ६२ टक्के मतं घेऊन परत आले, मग तिला असं का म्हणायचं?

डिवाइन यांची मतं खरीच आहेत. पण गव्हर्नर निवडताना पक्ष, महागाई, समोरचा उमेदवार हे सगळं एका मतात जातं. २०१९ चा कायदा साधारण सहा आठवड्यांनंतर गर्भपात नाकारत होता, बलात्कार झालेल्या मुलीलासुद्धा. त्यावर लोकांना सरळ विचारलं गेलं ते ७ नोव्हेंबर २०२३ ला, आणि ५६.८ टक्के मतदारांनी गर्भपाताचा हक्क ओहायोच्या स्वतःच्या घटनेत घातला.

त्याआधी जे झालं ते मला जास्त गंभीर वाटतं. नागरिकांनी अशी घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणायची तर आधी १,००० सह्यांचा अर्ज ॲटर्नी जनरलकडे (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी), मग गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीतल्या एकूण मतांच्या १० टक्के इतक्या सह्या, शिवाय राज्यातल्या ८८ पैकी ४४ कौंटींत (जिल्ह्यांत) प्रत्येकी ५ टक्के. २०२३ मध्ये १० टक्क्यांचा आकडा ४ लाख १३ हजारांवर होता. सह्या बाद होतातच, म्हणून कार्यकर्त्यांनी ७ लाखांच्या आसपास दिल्या. वैध ठरल्या ४ लाख ९५ हजारांवर. हे चालू असतानाच विधिमंडळाने अशा दुरुस्त्यांचे नियम कडक करायला ८ ऑगस्टला वेगळं मतदान लावलं: मंजुरीला ५० ऐवजी ६० टक्के, सह्या सगळ्या ८८ कौंटींतून, आणि कमी पडलेल्या सह्या भरून काढायची १० दिवसांची मुदत रद्द. ऑगस्टमधली बहुतेक मतदानं बंद करणारा कायदा याच विधिमंडळाने काही महिन्यांपूर्वी केला होता! आणि हे विधिमंडळ निवडून आलं होतं मतदारसंघांच्या अशा नकाशावर, जो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला होता. ५७ टक्के लोकांनी तो प्रस्ताव पाडला. तो टिकला असता तर नोव्हेंबरचे ५६.८ टक्के अपुरे ठरले असते. फ्लोरिडात २०२४ मध्ये नेमकं तेच झालं: ५७ टक्के मतं मिळूनही गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती पडली, कारण तिथे ६० ची अट आहे.

अर्कान्सात तर मतदानापर्यंतही पोचता आलं नाही. सह्या पुरेशा जमा केल्या होत्या, पण पगारी सह्या-संकलकांची कागदपत्रं नियमानुसार जोडली नव्हती म्हणून अर्ज फेटाळला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. टेक्सास आणि जॉर्जियात तर नागरिकांना असा प्रस्ताव आणण्याची सोयच नाही.

लोक सगळीकडे माझ्याच बाजूने उभे राहिले असं मी म्हणत नाही. साउथ डकोटाने २०२४ मध्ये अशी दुरुस्ती नाकारली, आणि तो कौल मी मानतो. पण मिझुरीने त्याच दिवशी ५१.६ टक्क्यांनी मंजूर केलेली दुरुस्ती रद्द करण्याचा प्रस्ताव तिथल्या विधिमंडळाने पुढच्याच वर्षी, २०२६ च्या मतपत्रिकेसाठी, संमत केला.