“युरोपात गाडी चालवू नका” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. मला तो चौघांकडून आला, आणि त्यातल्या दोघांनी खाली विचारलं होतं, “तुम्ही जाऊन आलात ना? खरं आहे का हे?” मेसेज थोडक्यात असा: युरोपात भाड्याने गाडी घेऊन फिरणं भारतीय माणसाने करूच नये. आपलं लायसन्स तिथे चालत नाही. उजव्या बाजूने चालवायची सवय नसल्याने अपघात ठरलेला. आल्प्समधले रस्ते जीवघेणे. टोल आणि दंड भरता भरता दिवाळं निघतं. आणि रेल्वेने सगळं दिसतंच, मग गाडी हवी कशाला?

मी आणि नवरा, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, मागच्या सप्टेंबरात स्वित्झर्लंड आणि इटलीत नऊ दिवस असे फिरलो. झुरिकहून निघालो, ब्रिएन्झचं तळं बघितलं, ग्रिम्सेल, फुर्का आणि गोटहार्ड हे तीन घाट केले, लुगानो आणि कोमो ही तळी पाहिली आणि मालोया, युलिअर या घाटांनी परत झुरिकला आलो. निम्मा वेळ गाडी मी चालवली. या मेसेजपायी कोणी जोडपं आपला बेत रद्द करणार असेल तर मला मनापासून वाईट वाटेल, म्हणून एकेक मुद्दा घेते.

लायसन्सचं म्हणणं सरळ चुकीचं आहे. स्वित्झर्लंडमध्ये पर्यटकाला आपल्या देशाच्या लायसन्सवर 12 महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. इटलीत त्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्याच आरटीओत मिळतो. फॉर्म 4ए भरायचा, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. फक्त मूळ लायसन्स घरी ठेवून नुसता परवाना नेऊ नका, तो एकटा चालत नाही. आणि ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. काउंटरवर अडायला होतं ते बहुतेक इथे, लायसन्सपाशी नाही.

उजव्या बाजूची भीती मात्र खोटी नाही, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वळणाला इंडिकेटरऐवजी वायपर लावत होते, कारण तिथे दोन्ही दांड्या उलट्या हातांना असतात. पण मेसेज म्हणतो तसा धोका हायवेवर नाही. तिथे पुढची गाडीच आपल्याला रांगेत ठेवते. खरा धोका रिकाम्या रस्त्यावर असतो. पेट्रोल पंपावरून किंवा पार्किंगमधून बाहेर पडलं, समोर कोणीच नसलं, की हात आपोआप डावीकडे वळतो. चौथ्या दिवशी सकाळी मी तसंच केलं. “अगं, उजवीकडे, उजवीकडे!” नवरा ओरडला, आणि वीस-पंचवीस पावलांत मी गाडी बाजूला आणली. त्यानंतर आम्ही ठरवून टाकलं की गाडी सुरू करताना शेजारच्याने प्रत्येक वेळी मोठ्याने “उजवीकडे” म्हणायचं. शेवटच्या दिवसापर्यंत म्हटलं. शिवाय ऑटोमॅटिक गाडी मुद्दाम मागून घ्या, नाही तर हाती गिअरची मिळण्याची शक्यता जास्त. आणि विमानातून उतरल्या उतरल्या, रात्रभर जागं राहून, चालवायला बसू नका.

आता घाट. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ज्याने वरंधा किंवा आंबेनळी घाटात गाडी घातली आहे त्याने फुर्काला घाबरावं, हे मला पटतच नाही. ग्रिम्सेलची उंची 2164 मीटर, फुर्काची 2429. आकडे मोठे आहेत, पण रस्ता म्हणाल तर डांबर गुळगुळीत, वळणं आखीव आणि खड्डा आम्हाला एकही दिसला नाही. ग्रिम्सेलवरून ग्लेचकडे उतरताना समोरच्या डोंगरावर फुर्काची सगळी वळणं एकावर एक रचलेली दिसतात. नवऱ्याच्या तोंडून निघालं, “तिकडे जायचंय?” अर्ध्या तासाने आम्ही तिथेच होतो. ऱ्होन नदी जिथे उगम पावते त्या हिमनदीपाशी थांबलो. उन्हाने बर्फ वितळू नये म्हणून त्यावर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, मळलेल्या, कडेला फाटलेल्या. खालून पाण्याचा आवाज सतत येत होता. ते बघून मन खिन्न झालं, आणि आम्ही तिथे हवा तेवढा वेळ उभे राहू शकलो, कारण गाडी आमची होती.

नियम आपल्याच घाटांसारखे आहेत. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला आधी वाट; आपल्या कायद्यातही हेच आहे, आपण पाळत नाही एवढंच. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हेही तेच. गोटहार्डच्या दक्षिण उतारावर त्रेमोला नावाचा जुना रस्ता आहे, फरसबंदीचा, 24 वळणांचा. तो मी खालच्या गिअरमध्ये उतरले, ब्रेक जेमतेम वापरला. नवीन गोष्ट एकच: निळ्या पाटीवर पिवळा बिगुल दिसला की तो पिवळ्या पोस्टबसचा मार्ग. तिथे बसचा ड्रायव्हर सांगेल ते ऐकायचं, गरज पडली तर गाडी मागे घ्यायची. आंधळ्या वळणाआधी तो तीन सुरांचा हॉर्न वाजवतो. तो आधी ऐकू येतो, मग बस दिसते.

ग्रिम्सेल, फुर्का, गोटहार्ड हे घाट साधारण जून ते ऑक्टोबर एवढेच उघडे असतात, आणि सप्टेंबरातही बर्फ पडू शकतो, म्हणून त्या दिवशी सकाळी रस्ता उघडा आहे का ते बघूनच निघायचं. खिडकीतून दरी दिसली की ज्यांना चक्कर येते त्यांनी फुर्का टाळावा. बाकीच्यांना मी अडवणार नाही.

दंडाबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. आम्हालाही बसला. एका गावात ताशी 50 च्या मर्यादेत मी 50 च्या तीनच किलोमीटर वर गेले होते. 40 फ्रँक. तीन महिन्यांनी कळलं, आणि गाडीच्या कंपनीने आमचा पत्ता कळवण्याचे वेगळे पैसे कापले. पण वेगाच्या पाट्या पाळल्या तर हा दंड होतच नाही, आणि मी त्या गावात पाळली नव्हती. इटलीतली गोष्ट वेगळी. तिथल्या जुन्या शहरांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पाटीवर लाल कडेचं पांढरं वर्तुळ आणि झेड-टी-एल ही अक्षरं. कॅमेरा नंबर टिपतो, कोणी शिट्टी मारून थांबवत नाही, आणि चिठ्ठी घरी येते. कोमो शहरात आम्ही गाडी तटबंदीबाहेर लावली आणि चालत आत गेलो. पार्किंगच्या रेघा नीट बघा: स्वित्झर्लंडमध्ये निळी रेघ म्हणजे काचेमागे घड्याळाची चकती लावून ठरावीक वेळ फुकट, इटलीत निळी म्हणजे पैसे. आणि इटलीत गाझोलिओ म्हणजे डिझेल, पेट्रोल नव्हे.

टोलने दिवाळं निघतं म्हणणाऱ्याने हा वळसा केलेला नसावा. स्वित्झर्लंडच्या हायवेसाठी 40 फ्रँकचा वार्षिक पास असतो, तो तिथल्या भाड्याच्या गाडीवर आधीच होता. लुगानोहून मेनाज्जो, तिथून गाडीसकट फेरीबोटीने वारेन्ना, पुढे कियावेन्ना, या संपूर्ण वाटेवर इटलीत एकही टोलनाका लागला नाही. मिलानकडून पश्चिमेला किंवा पूर्वेला हायवे धरलात तर लागेल, तेवढा हिशोबात धरा. पार्किंगचा खर्च मात्र खराच जाणवतो, आणि दोघांसाठी गाडी रेल्वेपेक्षा स्वस्त पडते असं मी कोणालाही सांगणार नाही.

राहिली रेल्वे. स्विस रेल्वेसारखी रेल्वे मी कुठे पाहिली नाही. झुरिक, ल्युसर्न, इंटरलाकेन एवढंच करायचं असेल तर गाडी घेऊच नका. त्सेरमाटला तर गाडी नेताही येत नाही, खाली टेशला लावून ट्रेनच पकडावी लागते. पण “सगळं दिसतं” हे खरं नाही. गोटहार्डची नवी रेल्वे डोंगराच्या पोटातून 57 किलोमीटर जाते. त्रेमोला तिच्या कितीतरी वर आहे. उन्हाळ्यात फुर्कावर पोस्टबस जाते, पण तिच्या फेऱ्या मोजक्या, त्यामुळे उतरलात की पुढच्या बसच्या वेळेवर तुमचा दिवस. मालोया चढून आलो तेव्हा सिल्सच्या तळ्याकाठी एक बाक दिसला. थर्मासमध्ये सकाळचा चहा होता, डब्यात ठेपले होते. वारा थंड होता, पाणी करडं-हिरवं, काठाला दोन बदकं. तिथे आम्ही दीड तास बसलो. पुढचं हॉटेल अजून तीन तासांवर होतं, आणि किती वाजता निघायचं ते आम्हीच ठरवणार होतो.